वजा चार

१७ जुलै, सोमवार

ताईने ओळख दाखवली नाही.

मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांशी माझी गाठ घालून दिली. "या वर्षभर आपल्याकडे आहेत. मुलं कुठे अडतात आणि का अडतात, ते आकड्यांवरून शोधतील. निकाल वर काढायचाय आपल्याला." भाषेचे सर लगेच म्हणाले, "हिला कशाला ओळख हवी? माझ्या बुद्धिबळवाल्या मित्राची एकुलती एक मुलगी ही. बापाने मला दर रविवारी हरवायचं आणि मुलीने आता बुधवारच्या बैठकीत."

सगळे हसले. ताईने पेनाला टोपण लावलं.

"आणि या आठवीच्या गणिताच्या मॅडम."

"या," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो, मॅडम."

नऊ वर्षांनी तिचा आवाज ऐकला. एक अक्षर.

नंतर व्हरांड्यात ती माझ्या बाजूने पुढे गेली. चालता चालता, समोर बघत बोलली - "इथे आपण एकमेकींना ओळखत नाही. कळलं?"

कळलं. आम्ही या भागात राहायला आलो ते ताईने घर सोडून लग्न केल्यानंतर. त्यामुळे बाबांनी इथे कुणाला दोन मुली आहेत असं सांगितलेलंच नाही. या कामासाठी मला तीन शाळांमधून एक निवडायची होती. ही का, असं माझ्या कार्यालयात विचारलं, तेव्हा मी म्हटलं, घरापासून जवळ पडते. खोटं नव्हतं.

१९ जुलै, बुधवार

पहिली बैठक. पद्धत समजून घेतली - चांगली आहे. बुधवारी शेवटचा तास संपला की कुणी घरी जायचं नाही. प्रत्येकाने आठवड्यातली चुकीची उत्तरं घेऊन यायची. गुण किती पडले, कोण नापास, कुणाचे पालक कसे, हे काही बोलायचं नाही. मुख्याध्यापकांचा नियमच आहे. "गुण कपाटात. टेबलावर फक्त चुका."

एकेक चूक फळ्यावर लिहितात. मूल असं का करत असेल? हा प्रश्न. उत्तर सापडलं की ते आठवडाभर सगळ्या तुकड्यांत वापरून बघायचं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेवढीच छोटी चाचणी. भाषेचे सर म्हणाले, "माझ्याकडे यंदा चुकांचं पीक भरघोस आलंय. कुणाला हवं तर पोत्याने न्या."

ताई माझ्यापासून चौथ्या खुर्चीवर होती. एकदा तिने पाण्याची बाटली पुढे सरकवली. मला नाही, दहावीच्या सरांना.

२७ जुलै, गुरुवार

दहावीच्या चाचणीची उत्तरं भरून झाली. बेरीज, अपूर्णांक, शेकडेवारी - चुका आहेत, पण जशा असायला हव्यात तशा. चार मुलं इकडे, सहा तिकडे. चुका सहसा पसरतात.

एक साचलेली सापडली. प्रश्न अगदी साधा: ३क्ष = १२, तर क्ष किती? नऊ येईल, छत्तीस येईल, असं धरलं होतं. ती दोन्ही जेमतेम आहेत. एकशे चौदा मुलांपैकी एक्केचाळीस जणांनी लिहिलंय - वजा चार.

भागाकार बरोबर केलाय. मग हे 'वजा' आणलं कुठून? एक्केचाळीस जण एकाच वेळी एकाच खड्ड्यात पडतात, तेव्हा खड्डा रस्त्यात असतो, मुलांच्या पायांत नाही.

उद्या मुलांनाच विचारते.

२८ जुलै, शुक्रवार

विचारलं. 'वजा चार' लिहिणाऱ्यांपैकी सहा जणांना एकेक करून प्रयोगशाळेत बोलावलं. म्हटलं, मोठ्याने बोलत सोडवा.

पहिली मुलगी आली. खडू घेतला, तीन पलीकडे नेला, त्याच्या डोक्यावर वजा ठेवला. मी म्हटलं, हा का? ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मलाच काही येत नाही.

"उंबरा ओलांडला ना, मॅडम."

"कसला उंबरा?"

"बरोबरचं चिन्ह म्हणजे उंबरा. उंबरा ओलांडला की चेहरा बदलायचा. आठवीच्या मॅडमनी शिकवलंय. एकदा ऐकलं की विसरतच नाही."

बाकीच्या पाचांनीही तेच वाक्य म्हटलं. एकाने तर हाताने उंबरा ओलांडून दाखवला.

ते वाक्य मी अकरा वर्षांची असताना स्वयंपाकघराच्या फरशीवर ऐकलं होतं. ताई तेव्हा कॉलेजात होती. मीही वजा चार लिहिलं होतं! पण ताई मला उठू द्यायची नाही. फ्रॉक धरून ठेवायची. "आता उत्तर परत आत घाल. तीन गुणिले वजा चार किती? वजा बारा. वर काय लिहिलंय? मग कुणाचा चेहरा बदलायचा आणि कुणाची नुसती जागा, ते तूच सांग."

दर वेळी. प्रत्येक गणिताला. मी रडकुंडीला यायचे. त्यानंतर समीकरणात माझं चिन्ह कधी चुकलं नाही. मी आज जे काही करते ते त्या फरशीवर सुरू झालं.

मुलांना पहिलं वाक्य पाठ आहे. दुसरं कुणालाच माहीत नाही.

१ ऑगस्ट, मंगळवार

ती डब्याचं झाकण अजून अंगठ्यानेच उघडते. डावा अंगठा.

४ ऑगस्ट, शुक्रवार

ताईच्या तासाला मागच्या बाकावर बसले. कामाचाच भाग आहे, सगळ्यांच्या तासांना बसते. अठ्ठावन्न मुलं. ती सुंदर शिकवते. आवाज चढवत नाही. फळ्यावर उंबरा काढते, त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. मुलं खूश. चार गणितं, पाचवं गणित, घंटा.

उत्तर परत आत घालणं नाहीच. घाईत राहिलं असंही नाही. तिने ते वगळूनच टाकलंय.

मग जुनी वेळापत्रकं मागून घेतली. दोन वर्षांपूर्वी आठवीचा गणिताचा एक तास कमी करून तिथे परीक्षेच्या सरावाचा तास घातला. निकाल वर काढण्यासाठीच. आत्ताची दहावी ही त्या बदलातून गेलेली पहिली बॅच. आधीच्या बॅचच्या चाचण्या कपाटात होत्या. त्यांत वजा चार फक्त पाच जणांचं.

म्हणजे तास गेला तेव्हा तिने पद्धतीचा मागचा अर्धा भाग कापला. अभ्यासक्रम पुरा करायला दुसरं काय करणार? पण हे माझं अनुमान. पाच आणि एक्केचाळीस यांच्यामध्ये काय होतं, हे सांगू शकेल असं माझ्याकडे काही नाही. मी सोडून.

तास संपल्यावर तिने विचारलं, "काही सूचना, मॅडम?"

"सध्या नाही, मॅडम."

९ ऑगस्ट, बुधवार

मांडलं. कुणाचं नाव न घेता - सातवी ते नववीत शिकवलेल्या एका नियमाचा अर्धवट वापर, असं. दहावीचे सर म्हणाले, "आडून कशाला बोलायचं? उंबरा. ही मुलं नववीत आल्यापासून मी तो उंबरा खणून काढतोय."

"वाक्य माझं आहे," ताई म्हणाली. सरळ बसून. बाकी काही नाही. तास कमी केला, मुलं अठ्ठावन्न आहेत, यातलं एक अक्षर बोलली नाही. घरीही अशीच. आपल्या बाजूने बोलायची वेळ आली की हिच्या तोंडाला कुलूप.

मी म्हटलं, "या पद्धतीला दुसरा भाग आहे. उत्तर परत समीकरणात घालून बघायचं. तो भाग शिकवला की ही चूक राहत नाही. नियम बदलायची गरज नाही, तास परत द्यायची आहे."

मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून बघितलं. "हा दुसरा भाग तुम्हाला कसा माहीत? मॅडमच्या तासाला दिसला?"

"नाही."

"एखाद्या वहीत?"

"नाही."

"मग?"

पुराव्यादाखल माझ्याकडे एकच नमुना होता - मी. तोंड उघडलं, तेवढ्यात ताई म्हणाली, "त्यांचा अंदाज आहे, सर." शांतपणे. माझ्याकडे न बघता.

मुख्याध्यापक माणूस वाईट नाही. वरून आलेलं वेळापत्रक अंदाजावर बदलता येत नाही, एवढंच म्हणाले. एकवीस तारखेपासून आठवी दहावीच्या सरांकडे. ताईकडे ग्रंथालय आणि बदली तास.

भाषेचे सर तिला म्हणाले, "मनावर घेऊ नका हो. मला एकदा दोन वर्षं चित्रकला दिली होती. अजून मुलं माझा घोडा आठवून हसतात." ती हसली. खरंच हसली. मला हेवा वाटला त्यांचा.

११ ऑगस्ट, शुक्रवार

ग्रंथालयात गाठलं. ती पुस्तकं विषयवार लावत होती. मी दार लोटलं.

"पुढच्या बैठकीत मी सांगणार आहे, मी कुठे शिकले ते."

"नको."

"तुझी आठवी जाते आहे."

"जाऊ दे. आठवीच जाते आहे ना." दोन पुस्तकं उचलून तिने परत तिथेच ठेवली. "ते बुद्धिबळवाले सर रविवारी तुमच्याकडे येतात. त्यांच्या पोटात काही राहत नाही. बाबांना कळलं की तू माझ्यासोबत काम करतेस, की झालं. एकुलती एक आहेस ना? तशीच राहा."

"मला कंटाळा आलाय एकुलती असण्याचा."

ती थांबली. मी पुढे म्हटलं, "बाबांचं मी बघून घेईन. मी आता लहान नाही."

"घर सोडून राहणं सोपं नसतं गं. मला विचार."

गं म्हणाली.

मग ती घड्याळाकडे बघून म्हणाली, "जायचंय मला. मुलीची शाळा सुटते."

मला माहीत नव्हतं. मुलगी आहे! पाच वर्षांची. मला खूप काही विचारायचं होतं. विचारलं एवढंच, "कुणासारखी दिसते?"

"दिसते वडिलांसारखी. बोलते तुझ्यासारखी. मोजूनमापून."

दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "तू काही सांगणार नाहीस. शब्द दे."

दिला. "तू म्हणेपर्यंत नाही," असं म्हटलं. ते तिने ऐकलं की नाही, माहीत नाही.

१३ ऑगस्ट, रविवार

भाषेचे सर आले होते. पट मांडला. मी चहा ठेवला. "तुमच्या लेकीने एक मोठी चूक पकडली," ते बाबांना सांगत होते. "एका मॅडमचा वर्गच काढून घेतला त्यापायी. बाई चांगली आहे हो, वाईट वाटलं."

"अर्धवट शिकवणाऱ्यांचं तेच करायला हवं," बाबा म्हणाले आणि प्यादं पुढे सरकवलं.

मी तिथेच उभी होते. ट्रे हातात.

"काय गं, साखर कमी पडली का चहात? तोंड का असं?"

"काही नाही, बाबा."

ताईला गणित बाबांनी शिकवलं. उत्तर परत आत घालायला लावणारे पहिले तेच असणार. मला हे कधी सुचलंच नव्हतं. विचारू शकत नाही.

१६ ऑगस्ट, बुधवार

बैठक झाली नाही. मुख्याध्यापकांना वरच्या कार्यालयात बोलावलं होतं.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

ताईचा आठवीवरचा शेवटचा तास. व्हरांड्यातून जाताना खिडकीपाशी थांबले. तिने नवीन काही शिकवायला घेतलं नव्हतं. फळ्यावर एकच गणित होतं. एक मुलगा उभा होता आणि ती म्हणत होती, "बसायचं नाही. आता उत्तर परत आत घाल."

पूर्ण तास एकाच गणितावर. तोच आवाज. मला फ्रॉकच्या टोकाला ओढ बसल्यासारखं वाटलं.

तिने खिडकीकडे बघितलं. मी तिथून निघाले नाही. तिनेही नजर काढून घेतली नाही, निदान घंटा होईपर्यंत.

२१ ऑगस्ट, सोमवार

चहाच्या वेळी तिची खुर्ची रिकामी. ती आता ग्रंथालयातच बसते.

कामात चूक केली. एक रकाना दोनदा बेरजेत धरला. माझ्या हातून असं होत नाही.

२३ ऑगस्ट, बुधवार

बैठक सुरू व्हायच्या आधी दार ढकलून एक छोटी मुलगी आत आली. दप्तर पाठीवर. एकेका खुर्चीकडे नीट बघत बघत माझ्यापुढे येऊन थांबली.

"तू मावशी का?"

भाषेचे सर हसले. "अगं, या मॅडम आहेत. कुणाची मावशी?"

"आईची बहीण ती मावशी," तिने त्यांना समजावून सांगितलं. "आई ग्रंथालयाला कुलूप लावून येतेय. ती म्हणाली, पुढे जा आणि मावशीजवळ बस."

सर हसायचे थांबले. मी शेजारची खुर्ची ओढली.

ताई आली. दारातूनच मुख्याध्यापकांना म्हणाली, "सर, तिला विचारलं होतंत ना, कसं माहीत म्हणून? आता सांगेल ती."

मी उभी राहिले.