डोकेदुखीचा हजेरीपट

ता. ५ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वेळेवर मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण परवा, तीन तारखेला, पुन्हा डोकं उठलं. पडदे ओढून पडून होते. या खेपेचा गुन्हेगार सापडलाय: शेजारणीचा नवा सेंट. जिन्यात तिची गाठ पडली आणि अर्ध्या तासात उजव्या डोळ्यामागे घण बसायला लागले.

कारखान्यात मात्र मोठी बातमी आहे. आमचे कटिंग मास्तर वर्षअखेर निवृत्त होतायत. त्यांच्या जागेसाठी २३ सप्टेंबरला चाचणी आहे. पट्ट्यांच्या कापडाचे साठ थर एकावर एक रचून शर्ट कापायचे, आणि शिवल्यावर खिशाचा पट्टा छातीच्या पट्ट्याला मिळाला पाहिजे. माझा हात चांगला आहे हे मास्तरही मानतात. पण मागच्या वेळी, त्यांच्या मदतनीसाच्या जागेसाठी झालेल्या चाचणीत, ते पट्टे डोळ्यांपुढे नाचायला लागले आणि मी मशीन बंद करून ओकायला पळाले. बाईमाणसाला हे झेपायचं नाही, असं मास्तर तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले. बारा वर्षं ज्या टेबलापाशी उभी राहिले तिथे पुन्हा हसं करून घ्यायची ताकद माझ्यात नाही. या खेपेला नाव देणार नाही.

राग माझ्या डोक्यावर काढ, लोभ तेवढा माझ्यावर राहू दे.

तुझी भाची


ता. १२ जून

चि. कात्रीस,
अनेक आशीर्वाद.

रागावले आहेच, म्हणून आधी कामाचं. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं हजेरीपट लिहिले. कोण कधी गैरहजर राहतं ते मला लगेच दिसतं. तुझी पत्रं काढून मी तुझ्या डोकेदुखीची हजेरी मांडली. ११ मार्च, दोष उन्हाचा. ८ एप्रिल, दोष जागरणाचा. ६ मे, दोष माझा, कारण माझं पत्र फार लांबलं होतं. ३ जून, बिचारी शेजारीण. गुन्हेगार दर वेळी नवा, अंतर मात्र दर वेळी अठ्ठावीस दिवसांचं. आता सरळ सांग, डोकं उठलं की लगेच एक-दोन दिवसांत पाळी येते ना?

हे तू कधी लिहिलं नाहीस, कारण आपल्या घरात तो शब्दच कोणी उच्चारत नाही. त्यात मीही आले. मलाही हेच होतं. पाळी जाईपर्यंत दर महिन्याला दोन दिवस ऑफिसातल्या लोखंडी कपाटाला कपाळ टेकून काढले. लोक तिरसट म्हणायचे, म्हणू दिलं. सोळाव्या वर्षी तू पहिल्यांदा डोकं धरून बसलीस तेव्हाच मला शंका आली होती. मी लाजले आणि गप्प बसले. ते मला फार लागून राहिलंय, पोरी.

सोबतचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि हेही ऐक: याच हिशेबानं पुढे मोजलं तर नेमकं २३ सप्टेंबरला तुझं डोकं उठायचं आहे. तुझ्यापासून लपवणार नाही. तरीही नाव दे.

जीव टांगून बसलेली,
आत्या


ता. ८ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मोजलं. दुसऱ्याच दिवशी येते, दर वेळी. डॉक्टरीणबाईंनी तुझा कागद दोनदा वाचला आणि हा कोणी केला म्हणून विचारलं. मी म्हटलं, आमच्या घरच्या हेडक्लार्कनी. पाळीच्या आधी शरीरातलं एक हार्मोन झपकन उतरतं आणि काही जणींच्या डोक्याला ते उतरणं सोसत नाही, असं त्या म्हणाल्या. हे नखरे नव्हेत, असंही म्हणाल्या. मला तिथंच रडू आलं.

त्यांनी रक्तदाब पाहिला, दुखण्याआधी चमकत्या रेघा दिसतात का ते विचारलं, आणि मी येता-जाता गिळत होते त्या गोळ्यांवरून माझा खरपूस समाचार घेतला. त्या अती झाल्या तरी डोकं दुखतं म्हणे. आता पाळीच्या दोन दिवस आधीपासून मोजके दिवस घ्यायचं औषध दिलंय. पहिला डाव फसला, पाळी लवकर आली आणि पुन्हा अंधारात पडले. पण बाई म्हणाल्या, दोन-तीन महिने धीर धर.

नाव दिलंय. मागच्या वेळी का पळाले तेही मास्तरांना तुझा कागद दाखवून सांगितलं, पाळी हा शब्द स्पष्ट उच्चारून. ते हातातल्या खडूकडे बघत राहिले.

आता तूही लाजणं सोड, एवढीच मागणी.

तुझी भाची


ता. २५ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

जागा मला मिळाली.

ऑगस्टमध्ये दुखणं निम्म्यावर आलं होतं, पण पाळी पुन्हा तुझ्या हिशेबावर आली होती, त्यामुळे तेवीसची भीती होतीच. त्या सकाळी उजव्या डोळ्यामागे कोणीतरी दार ठोठावून गेलं, आत मात्र आलं नाही. निळे-पांढरे पट्टे जागच्या जागी उभे होते. मी खांद्याचं वळण कापलं, मग खिसा, आणि हात कुठेही थांबला नाही. मास्तरांनी वरच्या, मधल्या आणि तळच्या थराचे तीन शर्ट शिवून घेतले, खिडकीपाशी नेले आणि खिसा शोधायला लागले. पट्ट्याला पट्टा असा मिळाला होता की त्यांना तो पटकन सापडेना. मग सगळ्यांदेखत म्हणाले की मागच्या वेळचं बोलणं ते परत घेतात. आत्या, मी इतकी खूश आहे की मला काही सुचत नाहीये.

संध्याकाळी टेबल आवरताना मास्तर रेंगाळले. तुझा कागद उतरवून घ्यायला मिळेल का म्हणाले. त्यांची बायको दर महिन्याला दोन दिवस दिवा मालवून, भिंतीकडे तोंड करून निजते, कोणाशी बोलत नाही. बावीस वर्षं ते समजत होते की ती त्यांच्यावर रुसते.

तुझ्या मायेची कायमची धनीण,
भाची, कटिंग मास्तर