देव सहा महिने, बेट सहा महिने

मी, नृसिंह वामन टोकेकर, वय वर्षे अठ्ठावन्न, व्यवसाय तालुका वार्ताहर, राहणार नेवासा, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. याविषयी माझी पत्नी सौ. लीना हिचे मत वेगळे असल्यास तिने ते तोंडी नोंदवावे. ती रोज नोंदवतेच. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. एका डोंगराने पाडले, त्याची हकीकत पुढे येईल.

गेल्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये मी महिनाभर इरुन या गावी होतो. स्पेनच्या उत्तरेला, बास्क लोकांच्या मुलखात, अगदी फ्रान्सच्या हद्दीवरचे हे गाव. माझी पुतणी रुचा तिथे रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर आहे. तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ अवधूत, राहात्याला असतो आणि माझ्याशी बोलत नाही. तरी तिने बोलावले. "बाबांचं आणि तुमचं तुम्ही बघा. मला काका आहे तो आहे," असे ती फोनवर म्हणाली. लीनालाही बोलावणे होते. पण "तुम्ही जा, मलाही महिनाभर सुट्टी होईल," असे म्हणून तिने माझी बॅग भरली.

परतल्यावर मी चौदा पानांचा लेख आमच्या दैनिकाकडे धाडला. त्यातले तीन परिच्छेद छापून आले, कांद्याच्या भावाशेजारी. उरलेला मजकूर जमेल तसा इथे घालतो. मृत्युपत्राला कात्री लावण्याचा अधिकार डेस्कला नाही.

कलम १. नेवाशाचे राहते घर आणि बँकेत जे काही असेल ते लीनाचे. हे वाचून ती म्हणाली, "घरपट्टी मी भरते, नळपट्टी मी भरते. मग तुम्ही देताय काय?" तिला मी माझा आशीर्वाद देतो.

कलम २. दुर्बीण माझा मित्र परवेझ याला द्यावी. जायकवाडीच्या फुगवट्यावर पक्षी न्याहाळत तो वीस वर्षे चिखलात बसला आहे, तेही उसन्या दुर्बिणीवर. इरुनच्या खाडीकाठी पाणथळीत लाकडी आडोसे बांधले आहेत. आत बसायचे, फटीतून पाहायचे, बोलायचे नाही. शाळेची मुलेसुद्धा बोलत नव्हती. मी तासभर श्वास रोखून बसलो आणि समोर काय आले? बगळा. आपलाच पांढरा बगळा, प्रवरेच्या काठी म्हशीमागे फिरणारा. परवेझला फोन केला तर म्हणाला, "पंडितजी, एवढं तिकीट काढून बगळाच पाहायचा होता, तर प्रवरासंगमला मी फुकट दाखवला असता." पण त्या बगळ्याचा तिथे जो मान होता, तो पाहण्यासारखा होता.

कलम ३. पाठीवरची निळी पिशवी लंकाबाईंना द्यावी. त्या आमच्याकडे बावीस वर्षे काम करतात आणि मी परत आलो त्याच दिवशी त्यांनी ती मागितली होती: "भाऊ, ती पाठीची पिशवी मला द्या. बाजाराला लई बेस हाय, हात मोकळं राहत्यात." तेव्हा मी दिली नाही, याचे वाईट वाटते. त्या पिशवीत पाव आणि चीज घालून मी सान मार्सियालच्या टेकडीवर गेलो. वर एक छोटे देऊळ आहे, त्यांच्या पद्धतीचे. तिथून एका नजरेत तीन गावे दिसतात: पायाशी इरुन, खाडीच्या तोंडाशी तटबंदीचे ओंदारिबिया, त्याच्या कोळीवाड्यात हिरव्या-निळ्या सज्जांची घरे आणि प्रत्येक सज्जात फुले, पलीकडे फ्रान्समधले आंदाय आणि त्याची लांबलचक पुळण. ओंदारिबियाहून आंदायला छोटी होडी जाते. आपल्याकडे चहा निवायला लागतो तेवढ्या वेळात देश बदलतो, आणि होडीत कोणी उठून उभेसुद्धा राहत नाही. बिदासोआ नदीच्या काठाने जुन्या खाणीच्या आगगाडीचा मार्ग होता. त्याची आता सायकलवाट केली आहे. तिच्यावर मी चाळीस वर्षांनी सायकल चालवली. मागून येणाऱ्या आजीबाई घंटी वाजवून पुढे गेल्या. त्या सत्तरीच्या होत्या.

कलम ४. डोंगराचे बूट कोणालाही देऊ नयेत. त्या बुटांनी माझा गर्व पाहिला आहे. आयाको आरिया हा तीन शिखरांचा ग्रॅनाइटचा डोंगर, उंचीला आपल्या अकोले तालुक्यातल्या कळसूबाईच्या जेमतेम निम्मा. "मी कळसूबाई दोनदा चढलोय," हे मी रुचाला पायथ्यापर्यंत चार वेळा सांगितले. कळसूबाईला शिड्या आहेत, हे सांगितले नाही. दोन शिखरांच्या मध्ये हात टेकून उतरायची जागा आली, समुद्राकडून धुके आले आणि माझे पाय जागीच थांबले.

"काका, डावा पाय त्या खाचेत."

"कोणत्या?"

"खालच्या. पण खाली बघू नका."

"अगं, खाली न बघता खालची खाच दिसेल कशी?"

शेवटी तिने माझा घोटा धरून तो खाचेत ठेवला, जसा मी पहिल्यांदा पाटीवर तिचा हात धरला होता. त्या दोन मिनिटांत मला लीना आठवली नाही, हे तिने वाचू नये. मला आठवले नेवाशाच्या देव्हाऱ्यातले देव. मी इथेच गेलो तर ते कोणाकडे जातील?

कलम ५. हेच खरे कलम. आमचे कुळाचे देव, सहा चांदीचे टाक आणि एक शाळिग्राम, वडिलांच्या माघारी दोघा भावांकडे सहा-सहा महिने असत. चैत्र ते भाद्रपद माझ्याकडे, आश्विन ते फाल्गुन अवधूतकडे. नऊ वर्षे सुरळीत चालले. २०२० साली अधिक आश्विन आला. भाद्रपद अमावास्येला अवधूत तोंडाला मास्क लावून, देव गुंडाळायला नवे रेशमी वस्त्र घेऊन राहात्याहून आला.

"दादा, देव द्यायचेत ना?"

मी म्हणालो, "अधिक महिना आहे. हा कोणाच्याच पाळीत येत नाही."

"मग तुझ्याकडे कसे?"

याला उत्तर नव्हते, म्हणून मी संस्कृतात बोललो. कपाटातून तीन ग्रंथ काढले. तो ऐकत उभा राहिला, मग वस्त्राची घडी पिशवीत घालून निघाला. दारात म्हणाला, "आता मी मागायला येणार नाही. आणून दिलेस तर घेईन." आणून देण्याइतका मी लहान नव्हतो. पाच वर्षे चार महिने देव माझ्याकडे आहेत. पूजा रोज केली, आणि रोज ती अर्धी दुसऱ्याची होती.

१ ऑगस्टच्या सकाळी रुचाने मला नदीकाठी नेले. पात्रात एक चिंचोळे बेट आहे, झाडी आणि एक दगडी स्तंभ. तिथे कोणी राहत नाही. याच बेटावर दोन राजांच्या मंत्र्यांनी १६५९ साली तह करून लढाई मिटवली. आता ते सहा महिने स्पेनचे असते, सहा महिने फ्रान्सचे.

"काल हे स्पेनचं होतं, काका. आजपासून फ्रान्सचं."

मी नीट पाहिले. एक झाड हलले नव्हते. काठावर एक माणूस गळ टाकून बसला होता, त्याने मान वर केली नाही.

"आणि अधिक महिना आला तर?" मी विचारले.

रुचा हसली नाही. "त्यांच्यात अधिक महिना नाही. चार वर्षांनी फेब्रुवारीत एक दिवस वाढतो. तो ज्याच्या पाळीत येतो, त्याचा. भांडत नाहीत."

इतकी वर्षे शास्त्र शिकलो, पण हे मला एका ओसाड बेटाने शिकवले. म्हणून ठरवतो: यापुढे आमचे देव १ फेब्रुवारी ते ३१ जुलै अवधूतकडे आणि १ ऑगस्ट ते ३१ जानेवारी माझ्याकडे, माझ्यामागे लीनाकडे राहतील. तारखा इंग्रजी धराव्यात. पंचांग उघडू नये. आम्हा दोघांनंतर रुचा ठरवेल. २०२० साली चूक माझी होती. ते तीन ग्रंथ नेवाशाच्या वाचनालयाला द्यावेत.

या मृत्युपत्रातले एवढे एकच कलम माझ्या मरणासाठी थांबणार नाही. उद्या परवेझच्या गाडीतून देव मांडीवर घेऊन राहात्याला निघतो. इथवर नेवाशाला लिहिले. सही तिथे करीन.

पुढचे राहात्याला लिहीत आहे. अवधूतने देव घेतले. वस्त्र तेच काढले. घड्यांवर पिवळ्या रेघा पडल्या होत्या. मग चष्मा लावून हे सगळे वाचले आणि म्हणाला, "दादा, यंदा अधिक ज्येष्ठ आहे. मे-जूनमध्ये. माझ्याकडे येतोय."

"येऊ दे."

"मुद्दाम केलंस?"

"तारखा माझ्या नाहीत. स्पेन-फ्रान्सच्या आहेत."

त्याला साक्षीदार व्हायचे होते. ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे वकील म्हणाले होते. तेव्हा तो म्हणाला, "मग तारीख तरी मला घालू दे."

लिहून देणार: नृसिंह वामन टोकेकर

साक्षीदार, दोघांच्या देखत सही झाली:
१. डॉ. सुहास मुळे, राहाता
२. शरिफा बाबाजान शेख, शिक्षिका, राहाता

स्थळ: अवधूतच्या घराची ओसरी, राहाता

तारीख (अवधूतच्या हातची): १ फेब्रुवारी २०२६. माघ शुद्ध पौर्णिमा, शके १९४७. दादाला राहवणार नाही म्हणून तिथीही घातली आहे. ३१ जुलैला दिवेलागणीच्या आत देव घेऊन नेवाशाला येतो. वहिनींना सांग, जेवायला थांबेन.