बांधावरचा ताण

१४ मार्च १९७६
मांडव उभा राहिला. दगडी खांब, वर तारा. कडेचे खांब आत कलू नयेत म्हणून बाहेरून ताण दिले, म्हणजे तार खाली ओढून जमिनीत पुरलेल्या दगडाला बांधली. पूर्वेकडचे दगड बांधाला लागूनच आले. बांधापलीकडं थोरल्या भावजींचा ऊस. दिवसभर उभे राहून बघत होते. शेवटी म्हणाले, "कऱ्हाडाच्या रानात द्राक्षं? तासगावची थेरं हितं नकोत."
माझं माहेर काढल्याशिवाय घास गिळत नाही त्यांना. हा मुरमाड माळ वाटणीत धाकट्या भावाच्या गळ्यात कुणी मारला? हे पलटणीत. ‘दादा देईल ते घे’ म्हणाले होते. घेतला. आता त्यावर काही उगवतंय तर पोटात दुखतंय.

९ जून
वेली तारेजवळ पोचल्या. शेंडे मारायला घेतले. वडिलांच्या बागेत लहानपणापासून हेच केलंय. शेंडा मारला की खाली फुटतं. त्यातल्या दोन फुटी ठेवायच्या, एक डावीकडं, एक उजवीकडं. तेच ओलांडे, वेलीचे हात. बाकी सगळं खुडायचं.
जाऊबाई बांधावरून, "आगं, वाढतंय ते मोडतीस? हात तरी कसा उचलतो तुझा?"
म्हटलं, "न मोडता वाढलेलं तुमच्या घरात बघतीय की."
तोंड फिरवून गेल्या. बोलायला नको होतं असं वाटलं नाही.

२ जुलै
थो. भा. (यापुढं एवढंच लिहिणार, शाई फुकट नाही) बांधावर.
"तुझा ताणाचा दगड माझ्या हद्दीत हाय. काढ."
"मोजून दाखवा."
"बाईमाणसानं मोजणीची भाषा करू न्हाई."
"मग बापयमाणसानं करावी."

३० जुलै
सकाळी रानात गेले तर पूर्वेची ओळ खाली. ताणाचा दगड उकरून बाहेर टाकलेला, तारेची गाठ सोडलेली, खांब आत कललेला, तारा लोंबतायत. कोवळे ओलांडे तारेला बांधलेले, ते तारेबरोबर ओढले गेले. काही मधेच मोडले, काही खोडापासून सोलून निघालेत. कामाला येणारी तानीबाई खाली बसून रडायला लागली. मला रडू आलं नाही.
तशीच थो. भा.च्या दारात. जेवत होते.
"डुकरानं उकरलं असंल."
"डुकराला तारेची गाठ सोडता येती?"
जेवत राहिले. जाऊबाई तव्यावरच्या भाकरीकडं बघत होत्या. करपली.

३१ जुलै
खांब सरळ केला. दगड त्याच जागी, आणखी खोल. ही ओळ सोडून इकडं घेता आला असता. घेतला नाही.
मोडलेलं सगळं कापलं, खाली जिवंत डोळा दिसेपर्यंत. फुटतील पुन्हा, पण ही ओळ बाकीच्यांच्या मागं पडली. रागात एका धडधाकट वेलीवरही कात्री चालली. ती पण त्यांच्याच नावावर मांडली.

२ सप्टेंबर
पावसानं ओढ दिलीय. समाईक विहिरीवरून थो. भा.च्या उसाला जाणारा पाट आमच्या रानातून जातो. आज बुजवला. फावडं मीच धरलं.
आले धावत. "पाट उघड."
"डुकरानं बुजवला असंल."
हात वर केला होता. तानीबाई मधे आली म्हणून, नाहीतर...

११ ऑक्टोबर
हे रजेवर आले. एसटी स्टँडवर थो. भा. आधीच हजर. घरी पोचेस्तोवर ह्यांचा चेहरा बदललेला.
"दादानं सांगितलं समदं."
"उपटलेला दगड सांगितला?"
ते सोडून म्हणाले, "ताण आत घे. एक ओळ जाईल, जाऊ दे. मी जाणार परत. तुला हितंच ऱ्हायचंय."
"म्हणूनच घेत नाही."
जेवण तसंच राहिलं. दोघांचं.

१३ ऑक्टोबर
हे न सांगता बागेत गेले. मी मागून गेले तर हे मोडक्या ओळीत उभे. नव्या फुटीला हात लावून बघत होते. विचारलं, "ही तारेला कशी बांधायची?" दाखवलं. लय घट्ट बांधतात. नंतर मी सोडून पुन्हा बांधल्या.
संध्याकाळी तालुक्याला जाऊन मोजणीचा अर्ज देऊन आले. दादाला विचारलं नाही. मलाही नाही.

२६ ऑक्टोबर
मोजणीची माणसं साखळी घेऊन आली. जुना हद्दीचा दगड कुणालाच सापडेना. दोघे भाऊ वेगवेगळ्या जागी बोट दाखवत होते. नकाशा ताडून कळवतो म्हणाले नि गेले.
ते जाताच थो. भा. पहार घेऊन ताणाकडं. हे आडवे उभे राहिले. "कळवीस्तोवर हात लावायचा न्हाई, दादा."
"बायकूनं शिकिवलं व्हय?"
"व्हय."
थो. भा. थुंकले. पहार मात्र टेकवली.
घरी आल्यावर हे म्हणाले, "आणि दगड त्याच्या हद्दीत निघाला तर?"
"ओळ मी स्वतः तोडीन."
"आणि पाट?"
विहिरीला पाणी आहे, पाट बुजलेलाच आहे. पलीकडं उसाची पानं पाण्यावाचून वळायला लागलीत.