सुरक्षित अंतर, मंदाक्रांतेत मोजलेलं

३ ऑक्टोबर, सोमवार

चहाच्या वेळी चिरंजीवांनी पेपरातला मजकूर मोठ्याने वाचला. सत्तरीपुढच्या माणसाच्या हातून गाडीचा अपघात होण्याची शक्यता वाढते म्हणे. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सरासरी ही सरासरी माणसांसाठी असते. सूनबाई म्हणाली, रस्ता मात्र सगळ्यांसाठी असतो, बाबा.

शेवटी ठरलं ते असं. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई माझ्या शेजारी बसून माझं चालवणं बघणार. त्या हो म्हणाल्या, तर मंगळवारी-शुक्रवारी नातीला पोहण्याच्या क्लासला यापुढेही मीच नेणार. नाही म्हणाल्या, तर किल्ली सूनबाईकडे.

मला काळजी नाही. फक्त एवढंच की नातीचं आणि माझं जे काही मैत्र आहे, ते त्या गाडीतच. घरी तिला अभ्यास असतो आणि मला डुलकी.

संकल्प: अपघाताचा धोका कसा टाळावा, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास. उद्यापासून.

४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळ

अभ्यास संपला. सगळं सोपं आहे. पट्टा लावणे, फोन डिकीत टाकणे, झोप पुरी घेणे (ही माझी मुळातच सवय). मुख्य गोष्ट सुरक्षित अंतर. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की दोन सेकंदांनी आपण तिथे पोचावं.

एक, दोन असं मोजणं मला पटत नाही. ते किराणा दुकानात ठीक. आम्हाला गुरुजींनी वेळ मोजायला वृत्तं दिली. टेबलावर पट्टीचा ठेका, बाहेर कौलांवर कबुतरं, आणि चाळीस मुलांच्या गळ्यात मंदाक्रांता! आधी चार संथ गुरू, मग थांबा, मग लघूंची धावपळ, पुन्हा थांबा. एका चरणाला सात-आठ सेकंद लागतात. म्हणजे नियमाच्या चौपट सुरक्षा.

संध्याकाळ

प्रयोग यशस्वी. अंतर एवढं सुरक्षित की त्यात दोन टेम्पो आणि एक बस शिरली. प्रत्येक जण शिरला की चरण पहिल्यापासून. मागून हॉर्न बरेच. लोकांना आजकाल काव्याची सवय राहिलेली नाही.

नात डोळे मिटून बसली होती. इतकं तल्लीन होणं आता दुर्मिळ.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

एक सूक्ष्म गोष्ट लक्षात आली. गुरू अक्षरांना पाय आपोआप हलका होतो आणि लघू अक्षरांना ॲक्सिलरेटरवर जातो. चरणात थांबा आला की ब्रेक. गाडी वृत्तात चालते! हे जगात कुणी केलं नसावं.

क्लासच्या फाटकाशी गाडी मागे घेताना शेजारच्या दुकानाची कुंडी फुटली. याला अपघात म्हणता येणार नाही. कुंडी उभी होती.

हिला सांगितलं तर म्हणाली, तुम्ही गाडीत असता की चौथीच्या वर्गात? मी म्हटलं, दोन्हीकडे. ती म्हणाली, तेच तर.

९ ऑक्टोबर, रविवार

चिरंजीवांनी विषय काढला. पोरगी गाडीत डोळे घट्ट मिटून घेते, तिला भीती वाटते, असं त्यांचं म्हणणं. मी समजावलं की उत्तम कवितेने अंगावर काटा येतोच. त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांना लहानपणीही अलंकार समजत नसत.

११ ऑक्टोबर, मंगळवार

पाठ दुखत होती म्हणून सराव नाही. नातीची क्लासला दांडी. पाठीचं कारण म्हणजे ती गाडीची सीट. चालकाचा दोष नाही.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या परीक्षा. आज नातीला नेलं, पण सराव केला नाही. मन ताजं राहावं. हिने सुचवलं, उद्या तोंडाने काही म्हणू नका. मी वचन दिलं. मनातल्या मनात म्हणण्याबद्दल ती काही बोलली नाही.

१५ ऑक्टोबर, शनिवार

बाई वेळेवर आल्या. तरुण, शांत. पूर्ण वेळ हात हँडब्रेकवर ठेवून बसल्या, आदराने असावं.

सुरुवात उत्तम. पहिल्याच चौकात बाईंनी विचारलं, काका, गाडी अशी गचके का खातेय? मी वृत्त समजावलं. त्या म्हणाल्या, छान आहे, पण आत्ता समोर बघा. मी बघत होतोच. फक्त दुसरा चरण रंगात आला होता. लघूंची धावपळ चालू असताना मध्येच थांबणं म्हणजे वृत्तभंग. बाईंच्या मते दिवा तेव्हा लाल होता.

त्यांनी हँडब्रेक ओढला. बॉनेटपासून वीतभर अंतरावर एक गृहस्थ उभे. हातात औषधांची पिशवी. वयाने माझ्याएवढेच. त्यांनी बॉनेटवर हात टेकवला, श्वास घेतला, आणि म्हणाले, आजोबा, सावकाश.

ते मला आजोबा म्हणाले.

परत येताना बाईंनी गाडी चालवली. मी शेजारी बसून माझा पट्टा पुन्हा पुन्हा तपासला. अभ्यासाचा भाग म्हणून.

१६ ऑक्टोबर, रविवार

रात्री नीट झोप नाही. डोळे मिटले की ती पिशवी.

सकाळी किल्ली सूनबाईच्या हातात दिली. स्वेच्छेने. बाईंचा निकाल अजून कळायचा होता, हे इथे नमूद करतो. (तो काल संध्याकाळीच कळला होता, असं चिरंजीव म्हणतात.) सूनबाई म्हणाली, बाबा, तुम्ही शेजारी बसून या ना. मी म्हटलं, बघू.

एका दिवसात आमच्या घराचा धोका निम्म्यावर आणला. पेपरवाल्यांनी याचीही नोंद घ्यायला हवी.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

गेलो नाही. पाठ. खिडकीतून गाडी जाताना बघितली. सूनबाई गाडी अगदी गद्यात चालवते.

नात परत आली ती उड्या मारत. म्हणाली, आजोबा, तुम्हाला माहितीये, क्लासमध्ये आधी खेळ असतात! पाण्यात रिंगा टाकतात, त्या बुडी मारून शोधायच्या. रोजच असतात म्हणे, आम्हीच नंतर पोचायचो.

मी म्हटलं, अरे वा.

मग केस पुसता पुसता तिने विचारलं, शुक्रवारीपण आईच नेणार ना?

हो म्हणालो. सूनबाईने चहा विचारला. नको म्हणालो. मग घेतला.