लालसूच्या दोरीतली सहावी गाठ

सोमवार, १० मार्च १९५८. चांदा.

मोहिमेचा संकल्प आज पक्का. एटापल्लीच्या पुढे ईरुकमेटा म्हणून डोंगर आहे, त्याची खिंड पायी ओलांडायची. चार दिवसांची चाल. चांद्याच्या एकाही वार्ताहराने ती अद्याप ओलांडलेली नाही. तिकडची माणसे ओलांडतात, पण ती लिहीत नाहीत.

रिपोर्ट लिहून संपादकांकडे देऊन आलो. शुक्रवार एकवीसच्या अंकात, पहिल्या पानावर. त्यात मी सोमवारी, सतरा तारखेला, पलीकडच्या गावात उतरतो आणि ग्रामस्थ ढोल वाजवीत सामोरे येतात. संपादक म्हणाले, अहो, पण तुम्ही अजून गेलाच नाहीत. म्हटले, पंचांगकर्ता ग्रहण लागेपर्यंत थांबतो काय? त्यांनी मजकूर छापायला पाठवला.

बूट आणले. खुर्शीदमियाँनी जातीने शिवले आहेत. म्हणाले, पंडितजी, आठ दिन घर में पहनके घूमो, फिर जंगल में जाव. मी नुसता हसलो. नव्या बुटांना पहिला स्पर्श पर्वताचाच झाला पाहिजे.

हिचे म्हणणे, जायच्या आधी माळ्यावरचे तांब्याचे घंगाळ तेवढे काढून द्या. शिडी डुगडुगते, त्यामुळे राहिले. परत आल्यावर प्रथम ते.

नियम : रोज पहाटे पाचला उठणे. चहा बंद. पायांविषयी तक्रार नाही.

बुधवार, १२ मार्च. एटापल्ली.

लाकडाच्या रिकाम्या ट्रकातून आलो. वाटेत तीनदा चहा झाला. प्रवासातला चहा चहात धरत नाहीत.

वाटाड्या मिळाला. लालसू, माडिया, वय चाळिशीचे, अंगाने काटक, बोलणे बेताचे. पायात काही नाही. सामान आणि स्वयंपाकाला केवळराम. हा मूळचा चिमूरकडचा ढिवर, म्हणजे मासे धरणारा. जंगलाच्या कामाला आला आणि इकडचाच झाला. माडिया बोलतो, म्हणून दुभाष्याही तोच.

केवळराम म्हणाला, लालसू कोनाले वाट दाखवाले जात नाई जी, थो तिकडंच चालला म्हनून हो म्हनला. खिंडीच्या पलीकडे त्याच्या बहिणीच्या पोरीचे लग्न. नवरीला मांडवात मामाने उचलून आणायचे अशी रीत. मामा नाई पोचला तं पोरगी उंबऱ्यातच बसून राहाते, पंडितजी.

निमंत्रण म्हणून आलेली दोरी लालसूच्या कमरेला आहे. माहूलच्या वेलीच्या सालीची, वीतभर, तिला पाच गाठी. रोज सकाळी एक सोडायची. शेवटची सुटली, की त्या दिवशी लग्न. म्हणजे सोमवारी. इतवारच्या सांजेले पोचाच लागते, असे केवळरामने मला दोनदा बजावले.

घरगुती भाग. रिपोर्टात नको. दोरी मात्र सुबक आहे. माझ्या मोहिमेचे दिवस मोजायला आयतीच झाली.

गुरुवार, १३ मार्च. पहिला मुक्काम.

पाचला उठणार होतो. आठला उठलो. मुहूर्त उलट अधिक चांगला लागला. लालसू उजाडल्यापासून तयार होऊन बसला होता. त्याने एक गाठ सोडली. उरल्या चार.

सगळीकडे मोहफुले पडलेली. वास गोड आणि जरा डोक्यात जाणारा. मी ठिकठिकाणी निरीक्षणासाठी थांबलो. केवळराम म्हणाला, हे सतरावं निरीक्षन हाय जी. मी म्हटले, सृष्टी पाहायला डोळे लागतात. तो म्हणाला, डोये तुमचे चांगले हायेत, पाय सांगा.

दर वेळी लालसू पुढे जाऊन थांबे आणि सूर्याकडे पाही. निसर्गाची ओढ या लोकांत उपजत असते.

बारा मैल ठरले होते, सहा झाले. उद्या अठरा करून हिशेब मिटवतो.

शुक्रवार, १४ मार्च. दुपारी तीन. ओढ्याकाठी.

पायांविषयी तक्रार नाही. फक्त नोंद : उजव्या टाचेला सुपारीएवढा फोड. डावीला दोन. करंगळीचे नख स्वतंत्र झाले आहे. बूट उत्तम आहेत, दोष टाचांच्या ठेवणीत असावा. चार मैल झाले.

बूट काढताना लालसू समोर होता. पायांकडे बराच वेळ पाहिले. कुठूनसे मोहाच्या बियांचे तेल आणून टाचांना चोळले. मी त्याला विचारवले, की उद्या एक दिवस विसावा घेतला तर? केवळरामने भाषांतर केले नाही. म्हणाला, तीनच गाठी हायेत, थ्याले काय म्हनून सांगू?

आता एक गोष्ट लिहितो, ती फक्त या वहीसाठी.

लालसू आंघोळीला डोहाकडे गेला. दोरी आणि कुऱ्हाड दगडावर. केवळराम तांदूळ धूत होता, पाठमोरा. मी विचार केला. चंद्र आणि सूर्य यांचा मेळ बसेना तेव्हा आपल्या पूर्वजांनी काय केले? अधिक मास घातला. त्याने कोणाचे लग्न अडले? पुढच्या महिन्यात झाले. मग इथे चालणारा आणि वाट यांचा मेळ बसत नसेल, तर एक अधिक दिवस घालण्यात शास्त्रदृष्ट्या बाध काय? एका दिवसाने नवरी म्हातारी होत नाही.

तीन गाठींखाली चौथी मारली. मला न पाहता मारता येते अशी एकच गाठ आहे, जानव्याची ब्रह्मगाठ. पाठशाळेत ती बसायला आठ दिवस लागले होते, पण बसली ती कायमची. लालसूच्या गाठींपेक्षा पुष्कळच रेखीव झाली.

शनिवार, १५ मार्च. तेथेच.

सकाळी लालसूने दोरी हातात घेतली. बराच वेळ पाहिली. उलटी करून पाहिली. मी त्या वेळी उघड्या अंगाने संध्येला बसलो होतो. त्याने माझ्याकडे पाहिले. मग माझी वगळून वरची एक सोडली. उरल्या तीन. केवळरामला काही सांगून तो झाडाखाली आडवा झाला.

केवळराम चक्रावला. म्हने आज थांबू. काऊन म्हनून इचारलं तं म्हने, दोरीत हाय दिवस. कसा हाय जी? काल तं नोयता! मी म्हटले, कालगणना हा मोठा गहन विषय आहे.

दिवसभर विसावा. चार चहा. विसाव्यातला चहा औषधात धरतात.

रविवार, १६ मार्च. दुपार. खिंडीच्या पायथ्याशी.

आजचे तपशील जसे घडले तसे टिपून ठेवतो. पुढे गाळता येतील.

बूट गळ्यात अडकवून, पायांना फडकी गुंडाळून निघालो. अकराच्या सुमारास मागून एक म्हातारी आली. साठीपलीकडची, डोक्यावर टोपली, टोपलीत कोंबडा. नाव मंगली, लालसूची मावशी. त्याच लग्नाला निघालेली. आम्ही गुरुवारी सोडलेले गाव तिने काल सकाळी सोडले होते.

तिच्याही कमरेला दोरी. तिच्या दोरीला एक गाठ. लालसूच्या दोरीला दोन.

तिने टोपली खाली ठेवली. दोन्ही दोऱ्या शेजारी शेजारी धरल्या. मी सुचवले, की वयपरत्वे बाईंचे मोजायचे राहिले असेल. केवळराम म्हणाला, हे मी तिले सांगत नाई जी, तिच्या हाती काठी हाय.

मंगलीने माझ्या गाठीवर बोट ठेवून काही विचारले. लालसूने नुसती हनुवटी माझ्या दिशेने केली. उकाड्यामुळे मी सदरा काढला होता. म्हातारी आली, माझे जानवे चिमटीत धरले, त्याची गाठ दोरीच्या गाठीशेजारी नेली आणि इतकी हसली, की टोपलीतला कोंबडा आरवू लागला.

केवळराम हसला नाही. तो म्हणाला, पंडितजी, लगीन उद्या हाय. आन् वाट दीड दिवसाची.

लालसूला काल सकाळीच कळले होते. मी विचारवले, मग थांबलास का? उत्तर केवळरामने तुकड्यातुकड्याने सांगितले. म्हने, यायचे पाय पाह्यले. तोंडानं मांगलं असतं तं मी नाई म्हनलं असतं. यायनं गाठ मारून मांगलं. मानसाले मांगाची इतकी लाज वाटते, त्याले नाई कसं म्हनाव?

लाज कसली, मी अधिक दिवसाचे शास्त्र समजावणार होतो. पण संदर्भग्रंथ जवळ नव्हते.

पुढचा प्रश्न माझे काय करायचे हा. केवळराम म्हणाला, तुमाले इथीच ठेवलं असतं, पन वाघ हाय. त्यावर लालसू माझ्याकडे पाठ करून उकिडवा बसला. पाठ फिरवणे हा अपमान, म्हणून मी मानाने बाजूला झालो. केवळराम म्हणाला, बाजूले काऊन होता? बसा.

लिहिणे थांबवतो. बसायचे आहे.

सोमवार, १७ मार्च. दुपार. पलीकडचे गाव.

ईरुकमेटाची खिंड ओलांडली. निश्चित वेळ देता येत नाही, डोळा लागला होता. माथ्यावर उच्चारायचे वाक्य (‘मया गिरिर्लङ्घितः’, पर्वत मी ओलांडला) पाठ केले होते, ते राहिले. केवळराम म्हणतो, माथ्यावर तुमी घोरत होते. माथ्यावरून दिसणारे दृश्य रिपोर्टात सविस्तर आहे, त्यामुळे नुकसान नाही.

चढ संपेपर्यंत लालसूने मला एकदाच उतरवले, पाणी प्यायला. पाणी मी प्यालो. मंगली पुढे चालत होती आणि मधूनमधून वळून काही म्हणत होती. केवळरामला अर्थ विचारला, तर म्हणाला, ते तुमच्या कामाचं नाई. सकाळी अंधार होता तेव्हाच पुन्हा निघालो. मी चालण्याची तयारी दाखवली. दहा पावले चाललोही.

सूर्य माथ्यावर यायला आम्ही गावात. ढोल वाजत होते! रिपोर्टात लिहिल्याप्रमाणे, तारखेसह! ग्रामस्थ सामोरे आले. लालसू मला पाठीवर घेऊन मांडवाच्या तोंडाशी उभा राहिला आणि बायकांनी गाणे सुरू केले. केवळरामने अर्थ सांगितला : मामा गेला नवरी आनाले, कोनती नवरी आनली वो. हे नवरी टकली, हे नवरी ढेरपोटी, हिले कोनाच्या घरी देता, हिले तं चालता येत नाई.

स्वागतगीत. शैली गावरान, आशय गौरवपर.

मला एका बाजेवर ठेवण्यात आले. मग लालसूने दोरीतली आपली शेवटची गाठ सोडली, तोंड धुतले आणि नवरीला उचलायला गेला.

पोरगी अठराएक वर्षांची, अंगाने लहानखुरी. उंबऱ्यापासून मांडवापर्यंत वीस पावले असतील. लालसूने तिला उचलले. पाच पावलांवर त्याचा पाय उचलेना. थांबला. पुन्हा चालला. पुन्हा थांबला. ढोल बंद पडले. त्याची बहीण तोंडावर हात घेऊन उभी. खाली ठेवली तर रीत मोडते, हे मला कोणी सांगावे लागले नाही.

तेव्हा मामाच्या गळ्यात हात टाकलेल्या त्या पोरीने लुगड्याआडून एक पाय हळूच जमिनीला टेकला आणि निम्मा भार आपण घेतला. चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. अशी ती दोघे मांडवात पोचली. ढोल वाजले. कोणाच्या लक्षात आले नाही. माझ्या आले, कारण मी पायांकडेच पाहत होतो.

ऊन फार आहे. आज एवढेच.

पुन्हा, जेवणानंतर. लालसू दोरी घेऊन आला. त्याच्या पाचही गाठी सुटल्या, माझी राहिली. त्याने बोटांनी पाहिले, दातांनी पाहिले. दोरी माझ्या हातात दिली आणि प्रथमच सरळ माझ्याशी मराठीत बोलला. म्हणाला, हे आमची नाई. तुमी न्या.

शुक्रवार, २८ मार्च. चांदा.

परत येताना डोंगराला वळसा घालून गाडीवाट मिळाली. पाच दिवस बैलगाडीत झोपून आलो, पुढे ट्रक. ही वाट आधी का सांगितली नाही म्हणून केवळरामला विचारले. म्हणाला, तुमीच पायी म्हनलं होतं.

एकवीसचा अंक पाहिला. पहिले पान, तीन कॉलम. ‘आमच्या वार्ताहराने खिंड पायी ओलांडली.’ एका अक्षराचीही दुरुस्ती नको. खिंड पायीच ओलांडली आहे. पाय कोणाचे, हे संपादकांनी विचारले नाही. लालसूचे नाव रिपोर्टात नाही. लिहिला तेव्हा त्याची माझी ओळख नव्हती.

संकल्प : पुढील अंकासाठी पुरवणी मजकूर. त्यात घरगुती भागही घालावा. निदान वीस पावलांचा.

दुपारी हिने अंक वाचला, सगळा. मग माझे बूट उलटे करून तळ पाहिले आणि पुन्हा जागेवर ठेवले. मग खुंटीवरची दोरी दिसली. मी म्हटले, अरण्यातल्या लोकांचे दिनदर्शक आहे, आठवण म्हणून दिले. दोरी घेऊन ही उजेडात गेली. अठ्ठावीस वर्षे माझ्या जानव्याचे सूत हीच कातते. म्हणाली, ही गाठ तिकडची नव्हे. ही तुमची आहे. कोणाचा दिवस खाल्लात हो?

उत्तर तयार होते. अधिक मास, पूर्वाचार, चंद्रसूर्यांचा मेळ. सांगायला तोंड उघडले, आणि म्हणालो, लालसूचा.

दोरी माझ्यापुढे ठेवून ही आत गेली. थोड्या वेळाने स्वतःच शिडी लावून माळ्यावर चढल्याचा आवाज आला.

तीन वाजल्यापासून गाठ सोडतो आहे. आता सहा. नख तुटले. बांधायला पाठशाळेत आठ दिवस शिकवले होते. सोडायला कोणी शिकवले नाही.