कोणता परसों?

खलील सर,

सलामालेकुम. पंधरा वर्षं रोज सकाळी मी हे म्हणायचो आणि तुम्ही "जय भीम, दाभाडे साब" म्हणायचा. सवयीनं आत्ताही थोडा थांबलो. आता पुढं लिहितो.

आज माझ्या तोंडून एक चुकीचं उत्तर गेलं आणि ते मी दुरुस्त केलं नाही. म्हणून हे पत्र. तुमच्या जागी गणिताला नवे सर आलेत. टेबलाच्या तुमच्या बाजूला बसले, भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडं पाहिलं आणि विचारलं, "हे सर कधी वारले?" मी काय सांगितलं असेल? ते शेवटी. आधी तुमच्याशी जरा भांडायचं आहे.

भांडणाचा विषय जुनाच, तुमचा परसों. माझ्यासाठी परसों म्हणजे काल नाही, कालच्या आधीचा दिवस. तुमच्या दखनीत मात्र मागचा आठवडा परसों, मागची ईद परसों, तुमचं लग्नही परसोंच झालेलं! "परसोंच तो नया लिया मैंने," असं म्हणून तुम्ही छत्री दाखवायचा, तिच्या काड्या गंजलेल्या. मी विचारायचो, "कोणता परसों, सर?" मुलंसुद्धा हसायची.

"दाभाडे साब, तुमच्या मराठीत परवा मागं बी असतो अन् पुढं बी. हमारा परसों पीछेच रहता, तमीज से." असं तुम्ही ठणकावायचा.

मी वाळूजच्या कारखान्यात मशीनवर उभा राहून व्याकरण शिकलो. बी.ए. बाहेरून केलं, बी.एड. त्यानंतर. मला कुणी हाताला धरून शिकवलं नाही, म्हणून एक वेलांटी चुकली तरी माझा जीव वरखाली होतो. बाकीचे मास्तर याला खोड म्हणतात. तुम्ही म्हणायचा, "जिसने खरीद के सीखा, वो मुफ्त में कायकू छोडेगा?" माझ्याबद्दल इतकं नेमकं दुसरं कुणी बोललेलं नाही.

शाळा सुटल्यावर आपण मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकावर बसायचो. गाडी धडधडत आली की तुम्ही अर्धं वाक्य तोंडात तसंच धरून ठेवायचा. शेवटचा डबा गेला की त्याच शब्दावरून पुढं. एक शब्द इकडचा तिकडं नाही! वेळेच्या बाबतीत इतका ढिला माणूस वाक्याच्या बाबतीत इतका काटेकोर कसा? मी अजून तिथं जातो. गाडी आली की गप्प होतो. मग लक्षात येतं, मी बोलतच नव्हतो.

आणि माझ्या डब्यातली भाकरी? तिचा करपलेला काठ तुम्ही न विचारता मोडून घ्यायचा. "वैनीकू बोलो, थोडी और जलाव." आमच्या घरी एक भाकरी मुद्दाम जास्त भाजली जायची, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. आता सगळ्या सारख्याच भाजलेल्या असतात.

आता खरं भांडण.

मे महिन्याच्या सुट्टीत मी बिडकीनला घरी होतो. तुमचा फोन आला. बोलताना तुम्हाला दम लागत होता. मी म्हणालो, "सर, डॉक्टरला दाखवा."

"हौ, दिखाया ना. परसोंच दिखाया. तुम कायकू टेन्शन लेते?"

"काय म्हणाले?"

"बोले, गणितवाले का दिल है, हिसाब से चलता."

मी हसलो. परसों दाखवलंय म्हणजे झालं, असं म्हणून फोन ठेवला. आठवडाही लोटला नाही आणि तुमच्या मुलाचा फोन आला. मी पोचलो तेव्हा फक्त मूठभर माती द्यायची उरली होती.

नंतर घरी गेलो तेव्हा भाभी म्हणाल्या, "डाक्टर के पास? वो तो ठंड में गये थे, भाईसाब. उसके बाद नामच नै लिया."

ठंडीतला परसों, सर! पंधरा वर्षं तुमच्या प्रत्येक परसोंला मी अडवलं, छत्रीच्यासुद्धा. आणि ज्या एका परसोंवर सगळं होतं, तो मी शब्दकोशाप्रमाणं खरा धरला. विचारलं असतं, "कोणता परसों?" तर तुम्ही हसला असता, कबूल झाला असता. मी तिथूनच गाडी काढली असती आणि तुम्हाला बखोटीला धरून दवाखान्यात नेलं असतं. नेलं असतं तर वाचला असता का? डॉक्टर मंडळी यावर सरळ बोलत नाहीत. मला विचाराल, तर वाचला असता.

पण तुम्हाला तरी काय झालं होतं? माझ्यासारख्या माणसाशी बोलताना त्या एका दिवशी तारीख सांगता येत नव्हती? राग येतो हो. कधी तुमचा, कधी त्या शब्दाचा. दोघांपैकी एकही उत्तर देत नाही.

स्टाफरूममध्ये मी अजून चुका काढतो. सगळे "हो सर" म्हणतात आणि मोबाईलमध्ये मान घालतात. उलट बोलणारं कुणी उरलेलं नाही. मग बरोबर असण्यात राहिलं काय? पूर्वी सातवीच्या वर्गात शिरताना छाती पुढं असायची. आता तास भरतो आणि बाहेर येतो, एवढंच. हे बदलेल असं मला वाटत नाही, आणि खोटा धीर मी कुणाला देत नाही, स्वतःलाही नाही.

तर आज नव्या सरांनी विचारलं, "हे सर कधी वारले?" तारीख, वार, सगळं मला पाठ आहे. तोंडातून निघालं, "परसोंच."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे रविवारी?" मग फोटोच्या सुकून काळ्या पडलेल्या हाराकडं पाहिलं आणि माझ्याकडं. मी डबा उघडला.

एक शब्द देतो, सर. यापुढं कुणीही, मुलानं, मास्तरानं, रस्त्यातल्या माणसानं, परसों म्हटलं, तर मी विचारणार, कोणता? हसले तर हसू देत. फक्त तुमच्याबाबतीत विचारणार नाही. तुम्ही परसोंच गेलात, आणि मी निवृत्त होईन तेव्हाही परसोंच गेलेले असाल.

परवा भेटू, असं लिहीत नाही. आमचा पुढचा परवा तुमच्या भाषेत नाही.

तुमचा,
दाभाडे साब