पांगुळगाड्यांची भरपाई

तीर्थरूप वन्संना,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा निम्मा आत्ता, उरलेला भेटीत). तुमचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक, म्हणजे कुणी आजारी नाही, एवढंच.

सरकारने पांगुळगाड्यांवर बंदी घातली, हे वाचलंच असेल. जिन्यांवरून, पायऱ्यांवरून इतकी बाळं पडली म्हणे, की आता गाडा विकायचा नाही आणि करायचाही नाही. आपल्या कारखान्यात (तुम्ही त्याला शेड म्हणता, तेच खरं आहे) एक्केचाळीस गाडे तयार पडून आहेत. त्यांची भरपाई मिळाली, तर स्टुलं करायला यंत्र घेता येईल. नाहीतर शेडला कुलूप. भरपाई ठरवण्याआधी अधिकारी येऊन माल पाहणार होते. शहाण्या माणसाने अशा वेळी माल आहे तसा ठेवला असता. तुमच्या बंधूंना तो धुळीत दाखववेना. पाहुणे येणार म्हणून पोरांची तोंडं धुवावीत, तसे त्यांनी दोन दिवस गाडे पुसले, पॉलिश केलं आणि (हे मला नंतर कळलं) झाडून सगळ्या चाकांना तेल दिलं.

अधिकारी आले. माणूस सज्जन, चहा घेतला आणि "मजबूत दिसतात हो," एवढंच म्हणाले. झालं, यांची छाती फुगली. "नुसतं बोट लावून बघा, साहेब," म्हणत यांनीच बोट लावलं. गाडा जो सुटला, तो शेडच्या उतारावरून थेट साहेबांच्या नडगीवर. त्याला धरायला हे धावले, तर यांचा धक्का लागून मागून आणखी तीन. साहेबांनी नडगी चोळत वहीत लिहिलं, "बंदी योग्य वाटते." मी त्यांना मलम दिलं आणि तोंडाला पदर लावून हसत उभी राहिले. मग हसू आपोआप थांबलं. उतार तसा फार नाही, वन्सं. गाडा रिकामा होता, म्हणून हसता आलं.

अर्ज महिनाअखेर द्यायचा आहे. यांनी तो सुवाच्य अक्षरात भरला आहे. तब्येतीला जपा.

तुमची भावजय

ता. क. अर्जात अकरावा प्रश्न आहे : आपल्या मालामुळे कुणाला इजा झाल्याचं आपल्याला ठाऊक होतं का? यांनी "नाही" लिहिलं होतं. मी ते खोडून तुमच्या लेकाचं नाव लिहिलं. हनुवटीला टाके घातलेलं पोर कडेवर घेऊन तुम्ही उभ्या होतात, आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले होते, "आईचं लक्ष नको का?" लक्ष होतं तुमचं. गाडा तुमच्या बाबांच्या हातचा, म्हणून तुम्ही गप्प बसलात. मला ते तेव्हाच कळलं होतं, आणि तरी पुढे अठरा वर्षं मी गाडे विकले. सोबत त्या इजेच्या नोंदीचा कागद आहे, त्यावर आईची सही लागते. कराल?

ता. क. २. "हो" लिहिलं की भरपाई बहुतेक गेलीच, असं हे म्हणतात. पण माझी खोडाखोड त्यांनी पुसली नाही. तुम्हाला कळवायला सांगितलंय, की कागद उलट टपाली पाठवा. महिनाअखेरपर्यंत आपला धीर टिकेल, याची त्यांना खात्री नाही.